दोन बोटांचा क्लच

महाल, नागपूर
११ जुलै १९७४

अहो,

नमस्कार-चमत्कार मागच्या पत्रात भरपूर लिहिले होते. उत्तर काही आलं नाही. म्हणून या वेळेस सरळ कामाचं लिहिते.

मामाजीले घेऊन मी अन् नत्थू डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो होतो. मोतीबिंदू असन, कापला की झालं, असंच आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे. गेली ती नजर परत येत नाही, अन् राहिली तीही हळूहळू जाणार. मामाजी कठडा धरून पायऱ्या उतरले. खाली आल्यावर नत्थूले म्हणाले, "जबलपूरले कळव गा मनोहरले. म्हणा, डोळे हायेत तोवर एक डाव येऊन जा. मले त्याचं तोंड पाहाचं हाये."

नत्थू काही लिहिणार नाही, तुम्हाले माहीतच आहे. तुमचा सख्खा भाऊ आहे, पण तुमच्यावर दात खाऊन आहे. म्हणून मी लिहून राहिली. माझ्यासाठी येऊ नका, तुमच्या बापासाठी या. दोन दिवस या अन् जा. मी भांडणार नाही, रडणार नाही, काहून गेले होते म्हणून विचारणारही नाही. सांभारवड्या करून वाढीन अन् स्टेशनवर पोचवायलेही येईन.

दुसरं तुमच्या फटफटीचं. तुम्ही गेल्यापासून ती ओट्यावर पोतं पांघरून उभी होती. आता नत्थू तिच्यावर गांधीबागेतून कापडाचे गठ्ठे सदरच्या दुकानांत पोचवते. पण तिचा क्लच मामाजीनं तुमच्या हाताच्या मापानं लावलेला. तुमच्या डाव्या हाताचे दोन बोटं वळत नाहीत. लहानपणी चेनमध्ये सापडले, अन् तेव्हा चाक फिरवणारा हात मामाजीचाच होता. ते अजून स्वतःले माफ करत नाहीत. म्हणून तर त्यांनी आतल्या स्प्रिंगांचे नट एवढे ढिले ठेवले, की हँडलची दांडी तुम्हाले उरलेल्या दोन बोटांनी दाबता यावी. दांडी लोण्यासारखी मऊ झाली खरी, पण स्प्रिंगाच ढिल्या तर प्लेटा एकमेकींले धरतील कशा? तुम्ही एकटे, आंगानं हलके, तुमचं निभून गेलं. नत्थू अन् मागं गठ्ठे म्हटलं की इंजिन बोंबलते अन् गाडी जागची हलत नाही. परवा पुलाच्या चढावर अस्सा जळका वास सुटला, का लोकं सायकली थांबवून पाहून राहिले होते.

मग काय, ओट्यावर खोलली. प्लेटांच्या भोकांत जे बुचाचे तुकडे बसवतात, ते जळून कोळसा झाले होते. मामाजी नवे बुचं घेऊन आले अन् मले म्हणाले, "गंजात पाणी ठेव वं." माझा चहा उकळायचा गंज! बूच उकळलं की मऊ पडते अन् भोकात बसते, थंड झालं की घट्ट होते, असं त्यांनी मले समजावलं. समजलं मले, पण गंज काही दुसरा भेटला नाही. तेव्हापासून चहाले वास येऊन राहिला अन् नत्थू रोज तोंड वाकडं करते.

बुचं बसवले, काचकागदावर घासून सारखे केले, तेलात बुडवले. हे सगळं मामाजीनं हातानं केलं, हाताले दिसते त्यांच्या. पण शेवटचं काम डोळ्याचं. दांडी दाबून किक हळूच मारायची अन् वरची प्लेट सरळ उचलते का तिरपी, ते पाहायचं. एक नट कमी-जास्त झाला की प्लेट तिरपी उचलते अन् गिअर कडकड करते. ते काम माझ्यावर आलं. "वाकडी उचलते का वं? नीट पाह्य बरं," असं मामाजी विचारत होते अन् मी पदर खोचून, फटफटीत मुंडकं घालून सांगत होती. अख्खी गल्ली उभी राहून पाहत होती. पाहू दे म्हटलं, फुकटात तमाशा भेटून राहिला त्यांले.

नत्थू म्हणाला, "बाबा, आता खोललीच हाये तर नट दोन-दोन आटे कसून टाका. मले कामाची होईन." मामाजीनं पाना आपल्या मांडीखाली घेतला. "नाई. मनोहर आला अन् त्याले दांडी दबली नाई तर?"

म्हणजे नवे बुचं अन् जुनाच ढिलेपणा. पुन्हा जळणार, हे मलेही समजते आता. तुम्ही लवकर या.

मामाजी वाट पाहून राहिले.

प्रेमिला


महाल, नागपूर
२ डिसेंबर १९७४

अहो,

दिवाळी गेली. तुमचं पत्र नाही, माणूस नाही.

तुमच्या कारखान्यातला एक माणूस मात्र आला होता. तुमच्या नावानं मी पत्र टाकते, ते फाटकावरच्या टेबलावर पडलेलं दिसते म्हणे त्याले, अन् त्याचा जीव राहिला नाही. इतवारीले काही कामानं आला, तर पत्ता विचारत घरी आला. दारातच उभा राहून बोलला, माझ्याकडे पाहिलंही नाही बिचाऱ्यानं. तुम्ही तिकडे जिच्यासंग घर मांडलं, तिचं नाव त्यानं सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही. लेकरू चालायले लागलं एवढं सांगितलं.

बाप्पा, चालायले लागलं! म्हणजे मागच्या वर्षी संक्रांतीच्या दिवसांत तुम्ही इथून "चार महिन्यांचं काम आहे, लगेच येतो" म्हणून गेले, तेव्हाच तुमचं ठरलं होतं का हो? मी तुमच्या पिशवीत तिळाच्या वड्या बांधून देत होती, अन् तुम्ही त्या कोणाले खाऊ घालणार होते? मी लिहिलं होतं भांडणार नाही म्हणून. ते तुम्ही समोर आले तर. पत्रात भांडणार. तुमचं वाटोळं होवो असं तोंडावर येते अन् मी ते गिळते, कारण ओसरीत बसून तुमचा बाप तुमच्या नावाचा जप करून राहिला आहे.

मामाजीनं आतून विचारलं, "कोण आलं होतं वं?" मी म्हटलं, वाट चुकला होता कोणी. त्यांले मी सांगते, मनोहररावांच्या मागं कामाचा रगडा आहे, रजा भेटून नाही राहिली. ते मान हलवतात. म्हणतात, मोठ्या कारखान्यात असंच असते.

अन् इकडे बुचं पुन्हा जळले. ते तर जळणारच होते. नत्थूनं या वेळेस शहाणपणा केला. नवे बुचं बसवून झाले अन् मामाजी देवळात गेले, तेव्हा त्यानं स्वतः झाकण खोललं अन् नट कसून टाकले. मी पाहत होती, मी त्याले अडवलं नाही. गाडी काय पळाली म्हणता! गठ्ठ्यांसकट पूल चढून आला अन् दारात येऊन हासून राहिला. खूप दिवसांनी त्याले हासताना पाहिलं.

पण मामाजी रोज सकाळी अंघोळीच्या आधी ओट्यावर जाऊन दांडी दाबून पाहतात. मले माहीत होतं, नत्थूले माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा असा आवाज आला, का मी पोळी तव्यावरच सोडून पळाली. "कोणं हात लावला? माझ्या पोराच्या गाडीले कोणं हात लावला?" नत्थूनं तोंड उघडलं. "बाबा, मी बी तुमचाच पोरगा हावो. तो गेला. जो गेला त्याच्यासाठी ढिली, अन् जो घरात खपून राहिला त्याच्यासाठी काहीच नाई?"

मामाजी म्हणाले, "तुये दोन्ही हात धड हायेत."

मीच पाना घेतला, झाकण खोललं अन् मामाजी सांगतील तसे नट परत ढिले केले. नत्थू माझ्याकडे पाहत होता. कारखान्यातून आलेल्या त्या माणसाचं मी त्यालेही सांगितलं नव्हतं, नाही तर त्यानं फटफटी उचलून नागनदीत टाकली असती.

मी तुम्हाले त्या बाईले सोडा म्हणत नाही. तेवढी अक्कल मले आहे, लेकरू झाल्यावर कोण सोडते? एकटे या. तिकडचं काही बोलू नका, मीही बोलणार नाही. मामाजीले अजून आकार दिसतात, तोंड जवळ आणलं तर नाक-डोळे ओळखू येतात. अजून आहे वेळ. या.

गणपतराव मिस्त्रीची सून,
प्रेमिला


महाल, नागपूर
१४ सप्टेंबर १९७५

अहो,

वेळ गेली.

पोळ्याच्या आधीच गेली. आता त्यांले उजेड कळते, खिडकी कोणत्या अंगाले आहे ते कळते, बाकी आम्ही सगळे आवाज. तरी रोज विचारतात, "पोस्टमन येऊन गेला का वं?" मी म्हणते, आता तोंड तर दिसणार नाही, पत्राचं काय करता? ते म्हणतात, "तोंडावरून हात फिरवीन ना. हात कोठी गेले माये?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा जाळायले नेत होते तेव्हा मी त्यांले हात धरून बाहेर घेऊन गेली. ढोल ऐकू येतात तेवढाच त्यांचा जीव रमते. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, असं सगळी गल्ली ओरडून राहिली होती. मीही ओरडली. पीडा कोणती, ते काही मी मनात नक्की केलं नव्हतं. तुम्ही का तुमची आशा, दोन्हीपैकी एक तरी घेऊन जा म्हटलं बापा.

नत्थूनं फटफटी सोडली. सायकल-रिक्शावर गठ्ठे नेते आता, उन्हातान्हात पाय मारते, धाप लागते त्याले. मामाजीसंग कामापुरतं बोलते. फटफटी पुन्हा ओट्यावर पोत्याखाली. कोणी बसत नाही, कोणी कुठं जात नाही, तरी मागच्या महिन्यात मामाजीनं मले क्लच खोलायले लावला. म्हणे उभ्या गाडीत प्लेटा चिकटून बसतात, मनोहर यायचा अन् गिअरच पडायचा नाही. मी एकटीनं खोलला, प्लेटा सुट्या केल्या, पुसल्या, बसवल्या. मामाजी नुसते बाजूले बसून होते, कान लावून. एक नट मी मुद्दाम थोडा जास्त कसून पाहिला. प्लेट तिरपी उचलली तर त्यांनी नुसत्या आवाजावरून पकडलं. "तिसरा नट ढिला कर," म्हणाले. केला.

शेजारच्या मनकर्णाबाई म्हणतात, तू माहेरी काहून जात नाही, लेकरंबाळं नाहीत, वय आहे. मी म्हणते, मामाजीचं कोण करणार? खरंच आहे ते. त्यांचं कोण करणार?

एक ओळ लिहा. "मी बरा आहे" एवढं लिहा, खाली सही करा. मी त्यांच्या बोटाले धरून सहीवरून फिरवीन. यापेक्षा कमी काय मागावं माणसानं, ते मले समजत नाही.

प्रेमिला


महाल, नागपूर
२२ फेब्रुवारी १९७६

अहो,

हे पत्र मी काही मागायले लिहून नाही राहिली, तर घाबरू नका. वाचून फाडून टाका.

मागच्या गल्लीतले गोपाळराव जबलपूरले गेले होते, भाचीच्या लग्नाले. परवा दुपारी लग्नाचे लाडू घेऊन आले अन् ओसरीत मामाजीजवळ बसले. मी आत चहा टाकत होती. बसल्याबरोबर सुरू झाले, "अरे गणपतराव, तुमचा मनोहर दिसला ना! मदनमहालच्या चढावर. मी आवाज दिला, पण फटफटीवर होता, निघून गेला. मागं बाई बसली होती, पुढं टाकीवर लेकरू. मस्त तब्येत केली गा पोट्ट्यानं."

मी दारात येऊन हातानं नको-नको करून राहिली होती. पण गोपाळराव म्हणजे दगड. इशारा त्यांले कधी कळला आहे! तोंडात लाडू टाकून ते माझ्याकडे पाहत राहिले, का ही बाई हात काहून हलवून राहिली.

मले वाटलं, मामाजी विचारतील, बाई कोण? लेकरू कोणाचं? मी तर उत्तरही जुळवून ठेवलं, की शेजारीण असन, दवाखान्यात नेत असन. मामाजीनं गोपाळरावांकडे कान केला. मग म्हणाले, "चढावर इंजिन रडत होतं का?"

गोपाळराव म्हणाले, "कायले रडते? सरसर चढली."

"जळका वास?"

"नाई बाप्पा."

"अन् चढावर गिअर बदलला त्यानं?"

"माह्या समोरच बदलला. खटकन पडला."

"डाव्या हातानंच दाबली दांडी?"

"मंग काय पायानं दाबते?" गोपाळराव हासले. मामाजी नाही हासले. म्हणाले, "दोघं अन् लेकरू, अन् चढ. म्हणजे क्लच कसलेला हाये. म्हणजे त्याले घट्ट दांडी दाबता येते."

बाई कोण ते त्यांनी विचारलंच नाही. गोपाळराव चहा पिऊन गेले. मी कपबशा उचलल्या, तर मामाजी उठून भिंतीले हात लावत ओट्यावर गेले अन् फटफटीवरचं पोतं ओढून काढलं.

"पाना आण वं."

मी आणला. झाकण खोललं. ते बाजूले बसले, त्यांच्या नेहमीच्या जागी, अन् म्हणाले, "कस."

मी म्हटलं, किती? ते म्हणाले, "नत्थूले गठ्ठे नेता येतील एवढे."

मी एकेक नट कसायले लागली. मधेच त्यांनी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव."

"कवाचं?"

"मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

आता काय सांगू? त्यांच्या जिवाले लागंल म्हणून, असं तोंडावर आलं होतं. तेच मी स्वतःलेही सांगत आली एवढे दिवस. पण हातात पाना होता अन् नट फिरून राहिला होता, अन् माझ्या तोंडून दुसरंच निघालं. मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी नट कसले असते, मामाजी."

माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी. आंधळ्या माणसाचा हात, आधी कानावर पडला, मग डोक्यावर.

तर हे तुम्हाले लिहायचं होतं. मामाजीसाठी या, बापासाठी या, असं मी पत्रामागून पत्र लिहिलं. वाट मी पाहत होती. मले माहीत होतं तिकडचं सगळं, लेकरू चालायले लागलं तेही माहीत होतं, तरी ओट्यावर ती मऊ दांडी आहे तोवर तुम्ही या घरचे आहात असं मले वाटे. एवढा येडेपणा, एवढा भैताडपणा कोणी करते का? मी केला. तुमच्या बापाच्या आंधळेपणाआड बसून केला.

रामटेकले आपण गेलो होतो, आठवते का? गडाच्या चढावर दोघांले गाडी ओढेना, तर तुम्ही मले उतरवलं अन् म्हणाले, तू चालत ये, मी वर थांबतो. मी हासत चढली होती. घामाघूम झाली, पण तुमचा हात असा आहे म्हटल्यावर त्यात राग तो काय! सात जन्म चढली असती. आता ती बाई बसून चढते. हात तुमचा तोच आहे ना?

बरं, ते जाऊ द्या.

नट सगळे सारखे कसले. प्लेट सरळ उचलली, मी दोनदा पाहिलं. नत्थू आल्यावर त्याले किल्ली दिली. त्याले आधी खरं वाटेना, मग तो गाडीवर बसला अन् गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. म्हणाला, "बाबा, धरते आता." मामाजी म्हणाले, "तुयी हाये गाडी. नेत जा." नत्थू रडला. मोठा माणूस, दारात उभा राहून रडला. मामाजीनं त्याच्या पाठीवर हात फिरवला.

त्यांचं आता असं आहे, की सकाळी ओट्यावर जात नाहीत. पोस्टमनचं विचारत नाहीत. जेव म्हटलं की जेवतात, नीज म्हटलं की निजतात. डॉक्टर म्हणाले होते उजेड काही दिवस राहील, पण त्यांनी खिडकीकडे पाठ करून खाट फिरवून घेतली. मी त्यांच्यापाशी बसून पेपर वाचते, ते ऐकतात का नाही कळत नाही.

काल मी वाचत होती तर मधेच त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "प्रेमिला, एवढी घट्ट दांडी दिवसातून कितीदा दाबत असन तो? हात दुखत असन का वं त्याचा?"

मी म्हटलं, नाही मामाजी. गोपाळराव सांगत होते ना, हासत होता म्हणून. बिलकूल नाही दुखत.

गोपाळराव असं काही बोलले नव्हते, हे त्यांलेही माहीत आहे. पण त्यांनी मनगट सोडलं अन् म्हणाले, "मंग ठीक हाये."

आता माझं पत्र येणार नाही. तुम्हीही लिहू नका. हात दुखत असन, तरी कळवू नका.

प्रेमिला